'हे' गावचा महोत्सव नक्की कुणाचा?

नदीकाठची (धागाकर्ती):
आम्ही नऊ वर्षं इंग्लंडातल्या हेरफर्डला राहतोय. इथून वीसेक मैलांवर हे-ऑन-वाय. आईला फोनवर "हे गावाला जाऊन आलो" म्हटलं की ती अजूनही विचारते, "हे म्हणजे कुठलं गं?" वेल्शमध्ये नाव आहे 'अ गेल्ली', म्हणजे राई. ते मला जास्त आवडतं. वस्ती दोन हजारांच्या आतली. गाव वेल्समध्ये, पण डलस ओढा ओलांडलात की पलीकडचं कसप इंग्लंडात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रिचर्ड बूथ नावाच्या अवलियाने १९६०च्या दशकात इथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं आणि बघता बघता गावभर दुकानं झाली. १ एप्रिल १९७७ला त्याने गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतःच राजा झाला. पुढे १९८८पासून साहित्य महोत्सव सुरू झाला. मे अखेरीला दहा-अकरा दिवस जगभरचे लेखक येतात. २००१मध्ये बिल क्लिंटन येऊन गेले.

आता माझं म्हणणं. हा महोत्सव गावात होतो, पण गावाचा नाही. पूर्वी शाळेच्या आवारात व्हायचा, आता गावाबाहेरच्या शेतात तंबू लागतात. गेल्या वर्षी मी रांगेत उभी होते. मागून चाऱ्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला आणि गाड्यांच्या गर्दीत अडकला. मे-जून म्हणजे इथे गवत कापून चारा मुरवायचे दिवस. पाऊस आला तर सगळं मुसळ केरात. तो पोरगा पाऊण तास स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता, आणि तंबूत विषय होता 'शेतीचं भवितव्य'. त्याला आत कुणी बोलावलं होतं का?

शिळीबुकं:
साफ असहमत. ताई, ट्रॅक्टर तर आमच्या जेजुरीलाही सोमवतीला अडकतो, म्हणून जत्रा गावाची नाही असं कुणी म्हणतं का?

हे गाव आधी काय होतं ते बघा. रेल्वे होती, तीही १९६२च्या अखेरीस बंद झाली. आसपासच्या असल्या गावांत आज काय दिसतं? बँक बंद, पब बंद, खाटकाचं दुकान बंद. इथे अजून वीसेक पुस्तकांची दुकानं आहेत. ती दोन हजार वस्तीच्या जिवावर चालतात असं वाटतं का तुम्हाला? महोत्सवात ब्रेकन रोडवरच्या घरांपुढे लोक टेबलं मांडून केक आणि सरबत विकतात, कुणी अंगणात गाड्या लावू देतं. शाळकरी पोरांसाठी सुरुवातीचे दिवस फुकट असतात, बसगाड्या भरभरून येतात. ज्या पोराने आयुष्यात जिवंत लेखक पाहिलेला नाही त्याला विचारा महोत्सव कुणाचा ते.

मेंढरू:
धागाकर्तीला +१००. शिळीबुकं, तुम्ही केकचे पैसे मोजताय, घरांचे मोजा. चांगलं नाव झालं की गावात घर कोण घेतं? लंडनचा निवृत्त माणूस, नाहीतर सुट्टीचं घर हवं असलेला. शेतमजुराचा मुलगा लग्न झालं की भाड्याचं घर शोधत दुसऱ्या गावाला जातो. हा सगळ्या वेल्सचाच रोग आहे, म्हणून तर एप्रिल २०२३पासून तिथल्या स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा मिळाली. आणि गंमत बघा, पुस्तकांचं गाव म्हणून जगभर मिरवतात, पण सार्वजनिक वाचनालय वाचवायला गावकऱ्यांनाच झगडावं लागलं. विकायला पुस्तकं भरपूर, फुकट वाचायला मारामार!

कृष्णाकाठ:
आम्ही वाईचे. भिलारचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं. ४ मे २०१७ला पाचगणीजवळ आपलं 'पुस्तकांचं गाव' उघडलं ते 'हे'वरूनच सुचलेलं. पण फरक बघा. भिलारला पुस्तकं विकत नाहीत. लोकांच्या घरात, ओसरीवर, देवळात कपाटं आहेत. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती. तुम्ही कुणाच्या तरी पडवीत बसून वाचता आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो. स्ट्रॉबेरीच्या हंगामात घरच्या बाईला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो, ते वेगळं. पाहुणा घरात येतो, घर पाहुण्यासाठी हलत नाही.

शिळीबुकं:
कृष्णाकाठ, भिलार सरकारी योजनेवर उभं आहे. बूथ कर्ज काढून, हट्टाने, अर्धवेडेपणाने उभा राहिला. तुलना जरा जपून.

नदीकाठची:
भाकरीच्या आवाजावरून आठवलं, म्हणून लिहिते. वेल्सच्या कला परिषदेची 'नोसोन अल्लान' नावाची योजना आहे. नोसोन अल्लान म्हणजे रात्री बाहेर पडणं. खेड्यातल्या कमिटीने नाटक किंवा गाणं ठरवायचं, तिकिटं खपली नाहीत तर तोट्यातला वाटा योजना उचलते. अशा एका प्रयोगाला आम्ही गेलो होतो. पत्र्याचा व्हिलेज हॉल, घडीच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं. मध्यंतरात मागच्या खिडकीतून पितळी नळाच्या मोठ्या भांड्यातला चहा, आणि लॉटरीत बक्षीस म्हणून मटणाची मांडी! नट दोनच होते. खेळ संपल्यावर त्यांनी खुर्च्या उचलायला हात लावला तेव्हा एका आजोबांनी त्यांना दटावलं, "बसा, तुम्ही पाहुणे." शेतकऱ्यांची तरुण पोरं यंग फार्मर्स क्लबतर्फे नाटकं बसवतात, आयस्टेडवडला, म्हणजे वेल्श गाण्या-कवितांच्या स्पर्धांच्या मेळ्याला, गातात, पाठांतरं करतात. याची बातमी कधी कुठे वाचली? माझा राग महोत्सवावर नाही, सगळा उजेड एकाच तंबूवर पडतो त्यावर आहे.

ओढ्यापलीकडे:
तुम्हा दोघींच्या खेडेप्रेमात थोडं मीठ टाकतो. मी वाय नदीच्या काठावरच राहतो. पंधरा वर्षांपूर्वी नदीत तळाचे गोटे दिसायचे, हिरव्या पाणवनस्पतींच्या लांब झिपऱ्या तळाशी डोलायच्या. आता उन्हाळ्यात पाणी वाटाण्याच्या सूपसारखं होतं. नदीच्या खोऱ्यात सुमारे दोन कोटी कोंबड्या आहेत. त्यांची विष्ठा शेतात पडते, फॉस्फेट नदीत उतरतं आणि शेवाळ माजतं. २०२३मध्ये इंग्लंडच्या निसर्ग संस्थेने वायचा दर्जा खाली आणला. ती शेडं लंडनवाल्यांची नाहीत, तुमच्या चहा पाजणाऱ्या आजोबांच्या शेजाऱ्याची आहेत. गावात हा विषय काढला तर पबमध्ये टेबल रिकामं होतं, कारण प्रत्येकाचा कुणीतरी भाचा त्या धंद्यात आहे. तंबूत मात्र मोठ्याने बोलता येतं. परक्या माणसाचा तेवढा उपयोग असतो.

मेंढरू:
तंबूतही सगळं मोठ्याने बोलता येतं असं नाही हो. २०२४ आठवा. बेली गिफर्ड ही गुंतवणूक कंपनी प्रायोजक होती. खनिज तेल आणि इस्रायलशी संबंधित गुंतवणुकीवरून गायिका शार्लट चर्च, विनोदवीर नीश कुमार यांनी नाव मागे घेतलं आणि महोत्सवाला ऐन तोंडावर प्रायोजकत्व थांबवावं लागलं.

शिळीबुकं:
थांबवलं ना पण? आपल्याकडच्या किती संमेलनांनी प्रायोजकाला असं सांगितलं, मोजून दाखवा. (अवांतर आहे, संपादकांनी उडवलं तरी चालेल.)

कृष्णाकाठ:
संमेलनावर गेलं की धागा शंभरी गाठणार. मी कलटी.

नदीकाठची:
ओढ्यापलीकडे, नदीचं पटलं. त्या तंबूतल्या कार्यक्रमाला मी गेले नव्हते, तिकीट संपलं होतं. तरी माझं म्हणणं सोडत नाही. 'हे'ला मला सगळ्यात आवडतं ते किल्ल्याच्या अंगणातलं उघड्यावरचं दुकान. माणूस नाही, गल्ला नाही, भिंतीत एक पेटी. पुस्तक घ्या, नाणं टाका. पावसाने फुगलेली पानं असतात. पण ते बारा महिने तसंच असतं, मे महिन्यापुरतं नाही. आणि गुरुवारी बाजार असतो तेव्हा चीज विकणारा पोरगा गिऱ्हाईक नसलं की तिथलंच काहीतरी वाचत बसलेला दिसतो.

नवा_पाहुणा:
फक्त वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. मे अखेरीस बायको-मुलीसह महोत्सवाला यायचं ठरवतोय. गावात माफक दरात खोली मिळेल का?

मेंढरू:
हाहाहा. झालं! उत्तर मिळालं धाग्याचं.

शिळीबुकं:
वर्षभर आधी विचारायचं असतं हो.

नदीकाठची:
गावात नाही मिळणार. आमच्याकडे हेरफर्डला या, दोन गाद्या आहेत. येताना भाजणी आणा. ट्रॅक्टर मागे असला तर वाट द्यायची, एवढीच अट.