जिनिंगला बॅटरी परवडते का? हिशेब तपासून हवा आहे

मंडळी, जामनेर तालुक्यात आमची छोटी जिनिंग आहे, छतावर सोलरही आहे. बिलात आता सकाळी ९ ते ५ सवलत आणि संध्याकाळी ५ ते रात्री १२ जादा आकार. कापसाच्या गाड्या लागतात दुपारनंतर, त्यामुळे रेचे (सरकी वेगळी करणारी यंत्रं) जोरात चालतात ते नेमके महागाच्या वेळेत. पूर्वी रात्री दहानंतर सवलत होती, तेव्हा रात्रपाळी परवडायची.

एका विक्रेत्याने २०० युनिटच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचं ३० लाखांचं कोटेशन दिलंय. म्हणे दुपारी स्वस्तात भरा, संध्याकाळी वापरा, सहा वर्षांत वसूल.

माझं गणित असं. पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून हाती १८० युनिट, ती भरायला २०५ लागणार. दुपारचा दर साडेसहा, संध्याकाळचा दहा धरला तर रोज वाचतात जेमतेम ४७० रुपये. हंगाम १३० दिवसांचा, म्हणजे वर्षाला ६१ हजार. दहा टक्क्यांनी व्याजच तीन लाख! दुपारची सोलरची वीज फुकट धरली तरी बचत २.३४ लाखांवर थांबते.

मग त्याचा कागद पुन्हा वाचला. पठ्ठ्याने दिवस धरलेत ३३०, आणि तिसरा हिस्सा युनिटं जनरेटरच्या डिझेलने, २८ रुपयांनी मोजलीत. आमच्याकडे लाईट जाते, पण रोज संध्याकाळी नाही हो.

तरी ग्रिडवर बॅटऱ्या लागतायत हेही खरं. २०२२ मध्ये सेकीच्या (केंद्राची सौरऊर्जा कंपनी) लिलावात बॅटरीच्या भाड्याचा दर मेगावॅटमागे महिन्याला १०.८३ लाख आला होता. २०२४ च्या अखेरीस काही लिलाव सव्वादोन लाखांच्या आसपास उतरले, केंद्राचं अनुदान मिळणार हे धरून. दोन तासांची बॅटरी रोज दोनदा पूर्ण फिरवली तर महिन्याला १२० मेगावॅट-तास, म्हणजे युनिटला नऊ रुपयांवरून दोनच्याही खाली. एकदाच फिरवली तर तीच पावणेचारला पडते. आमची तर सात-आठ महिने नुसती बसून राहणार.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हंगाम संपल्यावर तिचा काही उपयोग कुणी करून पाहिलाय का? आणि गठाण बांधताना प्रेसची मोटर उचल घेते, ती बॅटरीवर टाकून डिमांड चार्ज (महिन्यातल्या सर्वांत जास्त भारावरचा आकार) कमी होईल का?

प्रतिसाद

भाऊ, गणित बरोबर आहे. डिमांड ठरावीक मिनिटांच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळे प्रेसच्या क्षणभराच्या उचलीतून फारसं सुटणार नाही. त्यापेक्षा कापूस आदल्या संध्याकाळी उतरवून घ्या आणि रेचे सकाळी नऊला सुरू करा, त्याला ३० लाख लागत नाहीत. बॅटरी बसून राहिली तरी म्हातारी होतेच, त्यात आपल्याकडचा मे महिना! तिला थंड ठेवणारा एसीही युनिटं खाणार. घ्यायचीच असेल तर दहाव्या वर्षी किती क्षमता उरेल ते लेखी मागा. आणि जागा ठरवण्याआधी विमावाल्याला विचारा, रुईच्या गोडाऊनशेजारी ठेवू देतो का ते.