चिनूचं मेजर: आमच्या 'गोतावळा' ग्रुपवरची शनिवारची चर्चा

बाळूकाका (एडिसन, न्यू जर्सी): मंडळी, एक सल्ला हवाय. चिनूचं रटगर्स युनिव्हर्सिटीत दुसरं वर्ष चालू आहे, मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, डिक्लेअर करायची वेळ आली. एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन अशा दोन्ही डिग्र्या एकत्र, करायचं तिच्या मनात पक्कं आहे. आम्ही दोघं म्हणतोय सरळ बायॉलॉजी घे. तिला स्टॅटिस्टिक्स घ्यायचंय. दोन दिवस झाले, घरात नीट बोलणं नाही. ताई, तू यातून गेलीस, तूच सांग.

आजोबा (सातारा): मला एक कळेना. डॉक्टर व्हायचं तर स्टॅटिस्टिक्स कशाला? आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली की साडेपाच वर्षांत एमबीबीएस. तिची तर अजून पहिली डिग्रीच चाललीय.

नंदाआत्या (नाशिक): बाबा, तिकडे आधी चार वर्षांची डिग्री करावी लागते, मग मेडिकल कॉलेज. पण ताई, हे एमडी म्हणजे आपल्याकडचं एमडी नव्हे ना गं?

ताई (सेंट लुईस): नाही आत्या. इकडचं एमडी म्हणजे आपलं एमबीबीएस धर. मेडिसिन, सर्जरी वगैरे पुढे रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणात. एमडी-पीएचडीत साधारण दोन वर्षं मेडिकलचा अभ्यास, मग लॅबमध्ये पीएचडीची तीन-चार वर्षं, कधी पाच, थिसिस झाला की परत वॉर्डात. सगळं मिळून सात-आठ वर्षं. माझं सहावं चालू आहे.

आणि बारावीनंतर थेट मिळतं ते बीएस-एमडी, म्हणजे पहिली डिग्री आणि एमडीची जागा एकदमच, ते वेगळं. आपले बरेच लोक या दोन्हींत गल्लत करतात.

मुकुंदमामा (ठाणे): आठ वर्षं! आणि फी?

ताई: मामा, बहुतेक प्रोग्रॅममध्ये फी माफ असते आणि वर षटपेंड मिळतो. एनआयएचनं, म्हणजे इकडच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं, 1964 मध्ये ही योजना सुरू केली तेव्हा तीनच कॉलेजं होती, आता पन्नासहून जास्त प्रोग्रॅमना तो निधी मिळतो. म्हणूनच जागा मोजक्या. अख्ख्या अमेरिकेत वर्षाला सातशेच्या आसपास मुलं घेतात.

काका, मोठा मेसेज लिहितेय. जरा थांबा.

आजोबा: स्टायपेंड म्हणायचंय ना? लिही, लिही. मी चष्मा लावून बसलोय.

ताई: हो आजोबा, स्टायपेंड. घाईत चुकलं.

काका, मेजरच्या नावावर कुणी आत घेत नाही आणि कुणी बाहेरही काढत नाही. बायॉलॉजी, बायोकेमिस्ट्रीवाले संख्येनं जास्त असतात, कारण अर्ज करणाऱ्यांतच ते जास्त असतात. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री (ऑर्गो), फिजिक्स, सगळे लॅबसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री, एवढे कोर्स कुठलंही मेजर असलं तरी लागतातच. बायॉलॉजीवाल्यांचे त्यातले बरेचसे मेजरमध्येच उरकतात. स्टॅटिस्टिक्सवाल्याला ते बाहेरून बसवावे लागतात. चिनूची खरी अडचण एवढीच आहे, आणि ती वेळापत्रकाची आहे. चिनू, ऑर्गो कुठल्या सेमिस्टरला, फिजिक्स कुठल्या, बायोकेम एमकॅटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) आधी बसतं का, हे आजच कागदावर मांड. शाळेतल्या एपीच्या (कॉलेज पातळीच्या कोर्सच्या) क्रेडिटवर विसंबू नकोस, काही मेडिकल कॉलेजं ते धरत नाहीत.

बाळूकाका: पण स्टॅटिस्टिक्स बघून त्यांना वाटणार नाही का, की हिला मेडिकलमध्ये रस नाही?

ताई: रस आहे की नाही ते मेजरवरून बघत नाहीत काका. पेशंटजवळ किती वेळ घालवला, डॉक्टरांबरोबर राहून काय पाहिलं, त्यावरून बघतात. ते तिला करावंच लागेल, संशोधन कितीही असलं तरी.

अर्जात सायन्सचा जीपीए (चारपैकी सरासरी गुण) वेगळा काढतात. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स. मॅथ्समध्ये स्टॅटिस्टिक्सही येतं. म्हणजे तिचे मेजरचे मार्क वाया जात नाहीत, उलट तिथेच जमा होतात. इंजिनिअरिंगचे कोर्स मात्र सहसा त्यात धरत नाहीत. हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

नंदाआत्या: तू आधी इंजिनिअरिंग घेतलेलंस ना? बायोमेडिकल?

ताई: हो. माझ्या अॅडव्हायझरनी पहिल्याच भेटीत सांगितलं, अर्जात भारदस्त दिसेल. मी मान डोलावली. ते मला आवडतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. तिसऱ्या सेमिस्टरला आठवड्याचे प्रॉब्लेम सेट संपता संपेनात. लॅबला जेमतेम चार तास मिळायचे, त्यातही मी बाटल्या धुणं आणि बफर बनवणं यापलीकडे गेले नाही. जीपीए 3.4 वर आला. आत घेतलेल्या मुलांची सरासरी 3.8 च्या आसपास असते. त्या सुट्टीत घरी आले तेव्हा आईला सांगायची हिंमत नव्हती.

मग बायोकेमिस्ट्रीत गेले, ते आवडत होतं म्हणून. उन्हाळाभर एकाच लॅबमध्ये राहिले.

त्या उन्हाळ्याचं एक सांगते, चिनू. माझा वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यात ठरावीक प्रोटीन आहे का ते बघायचा प्रयोग) सलग पाच आठवडे कोरा येत होता. जेल चालवायचं, प्रोटीन मेंब्रेनवर उतरवायचं, अँटिबॉडी लावून रात्रभर ठेवायचं, आणि सकाळी फिल्मवर काही नाही. अँटिबॉडी बदलून पाहिली, नवी बाटली मागवली. शेवटी एका पोस्टडॉकनं (पीएचडी झालेल्या संशोधकानं) शेजारी उभं राहून मला सगळं पुन्हा करायला लावलं. मी जेल आणि मेंब्रेन उलट्या बाजूंना ठेवत होते. माझं प्रोटीन रोज मेंब्रेनऐवजी बफरमध्ये जात होतं. सहाव्या आठवड्यात पहिली पट्टी दिसली, फिकट करडी, नखाएवढी. मी ती फिल्म दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ उभी होते. ते पाच आठवडे मला एकदाही लॅब सोडावीशी वाटली नव्हती, हे त्या दिवशी लक्षात आलं. इंजिनिअरिंगच्या एका आठवड्यात मला दहादा सोडावंसं वाटायचं.

चिनू: ताई, मला डेटासेट साफ करताना तसं होतं. मागच्या सेमिस्टरला प्रोजेक्टमध्ये डायबिटीसच्या पेशंटचा डेटा होता. अर्ध्या ओळींत वजन किलोत आणि अर्ध्यांत पाउंडात होतं, आणि कुठे लिहिलेलं नव्हतं. ते शोधायला रात्रीचे तीन वाजले आणि मला कळलंच नाही. बाबांना वाटलं मी फोनवर आहे.

बाळूकाका: हे तू मला सांगितलं नाहीस.

चिनू: तुम्ही विचारलं नाहीत बाबा.

ताई: काका, मला विचाराल तर तुमचं उत्तर यातच आहे. अर्जात एमडीच्या नेहमीच्या निबंधाशिवाय दोन जादा निबंध असतात. एक, दोन्ही डिग्र्या का हव्यात. दुसरा, तू केलेलं संशोधन, त्याला 10,000 कॅरेक्टर. त्यात काय प्रश्न होता, तू स्वतः काय केलंस, काय चुकलं, पुढे काय, हे सगळं यावं लागतं. मुलाखतीत समोरचा प्रोफेसर त्याच्या खोलात शिरतो. ज्यानं सहा महिन्यांत तीन लॅब बदलल्या त्याला तिथे बोलता येत नाही. एकाच लॅबमध्ये दोन वर्षं आणि त्या प्रोफेसरांचं मनापासून लिहिलेलं पत्र, हे मी सगळ्यात वर धरते. म्हणून मेजर असं हवं की ज्यात मार्कही राहतील आणि लॅबला आठवड्याचे दहा-बारा तासही उरतील.

आजोबा: पण आकडेमोड करणाऱ्याला डॉक्टरकीची पीएचडी देतील का?

ताई: देतात आजोबा. बायोस्टॅटिस्टिक्स, जेनेटिक्स, एपिडेमिऑलॉजी, कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी. मात्र प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पीएचडी कोणकोणत्या विभागात करता येते ते आधी बघावं लागतं, सगळीकडे सगळं नसतं. पॉल फार्मर यांनी हार्वर्डमध्ये एमडीबरोबर मानववंशशास्त्रात पीएचडी केली आणि अनेक वर्षं हैतीत गरिबांवर उपचार केले. हॅरॉल्ड व्हार्मस यांनी कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलं होतं. ते एमडी-पीएचडी नव्हेत, नुसतं एमडी, पण कॅन्सरच्या जनुकांवरच्या कामासाठी 1989 चं नोबेल त्यांना मिळालं. आणि ड्रू वाइसमन, एमआरएनए लशीवाले, 2023 चं नोबेल, ते बायोकेमिस्ट्री घेऊन पुढे एमडी-पीएचडी झालेले. वाटा तिघांच्या तीन.

आजोबा: इंग्रजी साहित्य! नोंदवून ठेवतो.

मुकुंदमामा: आमचा ओंकार पुढच्या वर्षी तिकडे बॅचलर्सला यायचं म्हणतोय, त्यालाही हेच डोक्यात आहे. त्याचं जमेल?

ताई: मामा, इथे मी स्पष्टच सांगते. एनआयएचचा तो निधी फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्या मुलांना मोजकेच प्रोग्रॅम स्वतःच्या पैशातून घेतात, आणि तिथे चुरस फार. आधी पैसे ओतायचे आणि चौथ्या वर्षी हे कळायचं, असं मी माझ्या ओळखीतल्या दोन मुलांचं पाहिलंय. ओंकारला इकडे येऊच नको असं नाही, पण आल्यावर हीच एक वाट धरून बसू नको म्हणावं. उद्या त्याच्याशी बोलते.

मुकुंदमामा: बरं झालं सांगितलंस. तो उद्या घरीच आहे.

नंदाआत्या: आणि चिनूचं एमकॅट कधी?

ताई: तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, तेही बायोकेम झाल्यावरच. 472 ते 528 मध्ये मार्क असतात, आत गेलेल्यांची सरासरी 515-516 च्या घरात. घाई असेल तर करू नकोस चिनू. डिग्रीनंतर वर्ष-दोन वर्षं लॅबमध्ये नोकरी करून अर्ज करणारे खूप आहेत. मी दोन वर्षं टेक्निशियन होते. तेव्हा आई रोज विचारायची, वर्ष वाया जातंय का. तीच दोन वर्षं मुलाखतीत माझ्या कामी आली.

बाळूकाका: ताई, आमची भीती एवढीच गं, की उद्या मेडिकलला नाही लागली तर?

ताई: काका, मग तर स्टॅटिस्टिक्सवाल्याला नोकरी लवकर लागते. पण मुळात तुम्ही आज रात्री तिच्याबरोबर बसा आणि तो किलो-पाउंडवाला प्रोजेक्ट तिला दाखवायला सांगा. मेजरचा फॉर्म सोमवारी भरला तरी चालेल.

बाळूकाका: बसतो. जेवण झालं की बसतो.

चिनू: ताई, मला एका प्रोफेसरांना लॅबसाठी ईमेल करायचाय, त्या डायबिटीसवर काम करतात. त्यांचे दोन पेपर वाचलेत. मसुदा पाठवू?

ताई: पाठव. पाच-सहा ओळींचाच ठेव, आणि त्यांच्या पेपरमधली तुला न कळलेली एक गोष्ट त्यात विचार. मी साडेनऊनंतर बघते, आत्ता माझं जेल थांबवायला जातेय.