हादरे, टायर आणि टायटॅनियम
सायकलला टायटॅनियमची फ्रेम घेतली की रस्त्याचे हादरे जाणवतच नाहीत, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. हा धातू पोलादाच्या साधारण निम्माच ताठ असतो, हे खरं. पण म्हणूनच तर फ्रेम बनवणारे जास्त व्यासाच्या नळ्या वापरून तो ताठपणा भरून काढतात. आताच्या सायकलींवर जो मऊपणा जाणवतो, त्यात मोठा वाटा रुंद टायरचा आणि त्यातल्या कमी हवेचा. मी २५ मिमीचे काढून ३० चे चढवले, तर फरक लगेच मनगटांना कळला.

घेताना वेल्डिंग मात्र जवळून बघाच. ते आरगॉन वायूच्या आवरणात करतात. शिवण चंदेरी किंवा फिकट पिवळसर दिसायला हवी. निळी-जांभळी झाक असेल तर तापलेल्या धातूला हवा लागलेली असते आणि जोड ठिसूळ होण्याचा धोका असतो.

आणि हो, अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालचा, फ्रेमच्या नळीत जाणारा दांडा) कोरडा घालू नका. अँटी-सीझ पेस्ट (दोन धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायचा लेप) लावा, अधूनमधून बाहेर काढून पुसा. घामापावसानं तो आत असा धरतो की हलता हलत नाही.

ओरखड्यांची काळजी सोडा. रंग न दिलेल्या ब्रश फिनिशवर, म्हणजे बारीक रेषा उमटवलेल्या धातूवर, हिरवी घासणी रेषांच्या दिशेनं हलकेच फिरवली की बरेचसे ओरखडे जातात. मला ही फ्रेम आवडते ती मुख्यतः यासाठीच.