नवे कॅलिपर बसवल्यानंतर ब्रेकचे पेडल मऊ लागते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा दोनदा काढूनही फरक नाही

प्रश्न

माझ्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, एबीएसही आहे. पुढच्या दोन्ही कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) पिस्टन गंजून अडकू लागल्यामुळे मी स्वतःच घरी दोन्ही कॅलिपर आणि पॅड बदलले. रबरी होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) जुनेच ठेवले. त्यानंतर एका मित्राला पेडल दाबायला बसवून चारही चाकांच्या ब्रेकमधील हवा दोनदा काढली आणि शेवटी नळीतून बुडबुडे येणे थांबले, तरीही पेडल स्पंजावर पाय ठेवल्यासारखे लागते आणि निम्म्याहून अधिक खाली जाते. लागोपाठ दोन-तीनदा दाबले की ते वर येते आणि बऱ्यापैकी घट्टही होते. मात्र मिनिटभर थांबून पुन्हा दाबले की पहिले पाढे पंचावन्न. कुठेही गळती दिसत नाही आणि टाकीतील ब्रेक ऑइलची पातळीही उतरलेली नाही. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ब्रेककडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) गेला असावा असे समजून तो बदलावा का?

प्रतिसाद १

मास्टर सिलिंडर विकत घेण्यापूर्वी पेडल काय सांगते आहे ते ऐकावे, कारण ‘मऊ पेडल’ या एकाच नावाखाली लोक तीन निरनिराळ्या तक्रारी सांगतात.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील (पायाचा जोर वाढवणारा भाग) निर्वात संपेल. मग पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसेच धरून ठेवावे. पाय न हलवता ते सावकाश खाली सरकत गेले आणि बाहेर कुठेही ऑइल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील दाब धरत नाही असे समजावे. पेडल जिथे थांबले तिथेच राहिले, पण दाबताना स्प्रिंगसारखे लागले, तर आत हवा आहे किंवा दाबाखाली काहीतरी फुगते अथवा वाकते आहे. आणि पेडल आधी रिकामे खाली जाऊन मग एकदम टणक लागत असेल, तर मागच्या ड्रममधील लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) ड्रमपासून फार दूर राहिले आहेत. अशा वेळी हँडब्रेक ओढून पाहिल्यास पेडल लगेच वर आल्याचे जाणवते. पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली जाते, तो मात्र दोष नव्हे. बूस्टर काम करतो आहे एवढाच त्याचा अर्थ.

लागोपाठ दाबल्यावर पेडल वर येणे हे हवेचेही लक्षण आहे आणि सैल ड्रमचेही, म्हणून केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद २

मला मास्टर सिलिंडरपेक्षा नव्या कॅलिपरचीच शंका येते. दोष काम केल्यानंतर उद्भवला असेल, तर आधी त्या कामातच शोधावा. कृपया एक गोष्ट पाहून सांगा: कॅलिपर गाडीवर बसवलेला असताना हवा काढण्याचा निपल वरच्या टोकाला आहे की खालच्या?

डावा आणि उजवा कॅलिपर पुष्कळ गाड्यांमध्ये एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे असतात आणि चुकीच्या बाजूलाही अगदी बिनतक्रार बसतात. तसे झाले की निपल तळाशी जातो, हवा मात्र वरच्या पोकळीत अडकून राहते. मग कितीही वेळा हवा काढली तरी नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेले ऑइलच येत राहते, कारण हवेला बाहेर पडायला वाटच नसते. ऑइल दाबले जात नाही आणि हवा दाबली जाते, एवढ्या एका कारणाने पेडलची बरीचशी चाल तो बुडबुडा लहान करण्यात खर्ची पडते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. फक्त ऑइलबद्दल थोडे लिहितो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइले हवेतील ओलावा शोषून घेतात, त्यामुळे कित्येक महिने उघडा पडलेला डबा वापरू नये. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. असे ऑइल घाट उतरताना तापून उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल अचानक मऊ पडते. तुमचे पेडल मात्र गाडी थंड असतानाच मऊ आहे, त्यामुळे इथे दोष ऑइलच्या वयाचा नसावा.

हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात येत नाही तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. सील त्यावरून घासले गेले की चांगला सिलिंडरही त्या दिवसापासून दाब सोडू लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार, आणि थोडी शरमही वाटते आहे. पेडल अर्धा मिनिट धरून पाहिले, ते जागचे हलले नाही. त्यानंतर चाके काढली, तर दोन्ही निपल खाली! होज दोन्ही बाजूंना नीट पोहोचत असल्यामुळे मला शंकाच आली नव्हती. कॅलिपरची अदलाबदल करून, होजच्या बोल्टखाली तांब्याचे नवे वॉशर घालून पुन्हा हवा काढली, तेव्हा पहिल्याच खेपेला उजव्या चाकातून बराच वेळ बुडबुडे आले. स्पंजासारखे लागणे पूर्णपणे गेले आहे. मात्र पहिल्या दाबाला पेडल अजून थोडे रिकामे जाते आणि हँडब्रेक ओढल्यावर वर येते.

प्रतिसाद १

म्हणजे आता उरले ते मागच्या ड्रमचे काम. हँडब्रेकची केबल ओढून घेऊन हे झाकू नका. आधी केबल सैल करा, मग ड्रममधील अॅडजस्टर फिरवून लायनर ड्रमला जेमतेम घासू लागतील इतके जवळ आणा, आणि शेवटी केबल लावा. अॅडजस्टर गंजून बसला असेल तर तो आपोआप पुढे सरकत नाही, म्हणून तो काढून साफ करणेच बरे. ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरची (लायनर ड्रमकडे ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी उचलून आत ओल आहे का तेही पाहा. तिथली गळती टाकीतील पातळीत दिसायला वेळ लागतो.