जुनं घर नवं करताना : तुमचे अनुभव

सातपुड्याची सावली
काल मागच्या गल्लीत धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडत होते. जेसीबीने तुळई ओढली आणि वरची पांढरी माती भसकन खाली आली. त्या वासाने आजीचं यावलचं घर आठवलं. हातभर जाड भिंती, देवळ्या, चुलीवरचं सानं, म्हणजे छतातलं धूर-उजेडाचं भोक. पावसाचा थेंब पडला की "सानं झाका रे" म्हणून आरडाओरड. बाहेर पंचेचाळीस असलं तरी माजघरात दुपारी झोप लागायची. आमचं आता स्लॅबचं, रात्री अकरालाही भिंत तापलेली. यंदा दुरुस्ती काढतेय. खान्देशात ज्यांनी घर दुरुस्त केलं, पाडून बांधलं, त्यांनी लिहा. काय ठेवलं, काय काढलं?

पांझराकाठ
धुळ्याच्या जुन्या गल्लीतलं घर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, खिडक्या फक्त पुढे-मागे. मिस्त्री म्हणे मधला चौक स्लॅबने बंद करा, एक खोली निघेल. वडील अडून बसले. शेवटी चौकावर लोखंडी जाळी आणि तिच्यावर हातभर उंच पत्रा, बाजूंनी मोकळा. गरम हवा वर निघून जाते. काकांनी त्यांच्या वाटणीतला चौक बुजवला. भर दुपारी ट्यूबलाइट लावून जेवतात.

केळीचं पान
गच्चीवर चायना मोझॅक करा. पांढऱ्या टाइलचे तुकडे, ऊन परतवतात. वरच्या खोलीत फरक कळतो. बजेट नसेल तर चुना नि फेव्हिकॉल कालवून दोन हात मारा, पण पावसाळ्यात धुपतो, दर उन्हाळ्यात परत. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

भो जळगावकर
आमना आजा म्हने, "धाबं पाडू नका रे, उन्हायामा मरशात." पाडलं. आता दोन कूलर आहेत 😅

मुरूम आणि माती
साइटवर आहे, घाईत लिहितो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. माती ओल घेते, सोडते. सिमेंट ती अडवतं आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासकट सुटून येतो. चुन्याचा करा. चुन्यातला माणूस मिळणं अवघड, ते खरंय.
दुसरं म्हणजे आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. लोक पुट्टी भरून रंग देतात, पुढच्या वर्षी चीर तिथेच. आधी गच्चीचं आणि न्हाणीचं पाणी पायापासून लांब काढा. नवीन खोली जोडत असाल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्या. पश्चिमेची भिंत विटांची असेल तर रॅट ट्रॅप बाँड विचारा. वीट आडवी न ठेवता काठावर उभी लावतात, मधे पोकळी राहते, विटाही साधारण पाव हिश्शाने कमी लागतात.

पांझराकाठ
@मुरूम आणि माती आमच्या मिस्त्रीला दाखवलं, म्हणतो "साहेब, असली भिंत उंदीरच बांधतील."

अमळनेरची माहेरवाशीण
जुन्या सागाच्या कड्या भंगारात देऊ नका गं. आम्ही त्यातून झोपाळा आणि देवघराचं दार करून घेतलं. सुताराने अर्धा दिवस नुसते खिळे उपटले, एक जरी राहिला तरी रंध्याचं पातं जातं म्हणे. आणि स्लॅब टाकताना हूक सोडायला सांगाच! आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली आल्या की झोका कुठे बांधणार? नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकावर मी तर बसायची नाही.

केळीचं पान
झालं कुकरचं. आमच्याकडे मॉड्युलर किचन केलं, सगळं पांढरंशुभ्र, सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मांडे कुठे करायचे?" डिझायनर पुण्याचा, त्याला खापर, म्हणजे मांडे भाजायचं चुलीवरचं मातीचं भांडं, तेच माहीत नाही. मग मागच्या पडवीत शहाबादी लावून चूल घातली. खरा स्वयंपाक तिथेच होतो, किचन पाहुण्यांना दाखवायला.

भो जळगावकर
पडवीचा फोटो टाका ताई. मांड्यांसकट.

सातपुड्याची सावली
चुन्यातला माणूस जळगाव-भुसावळकडे कोणी असेल तर मेसेज करा प्लीज. चौकाची आयडिया नवऱ्याला वाचून दाखवली, तो आधी पार्किंगचं बघ म्हणतोय.

अमळनेरची माहेरवाशीण
@केळीचं पान पुरण गुळाचं की साखरेचं?