मदत हवी आहे: मनाच्या गोळीने बाकीचं गेलं, कोणाला अनुभव?

नाव लपवून लिहितोय, समजून घ्या. वय 41, रावेर तालुका, केळीवाला. मागच्या जूनच्या वादळात घडासकट खोडं आडवी झाली, तेव्हापासून झोप उडाली. जळगावच्या मानसोपचार डॉक्टरांनी एसिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) 10 मिलिग्रॅम सुरू केली. गुण आला, खोटं कशाला बोलू. झोप लागते, बांधावर जावंसं वाटतं.

पण बायकोजवळ जायची इच्छाच मेली. कधी जमलं तर शेवटाला पोहोचत नाही, घाम फुटतो नुसता. बायको काही बोलत नाही, पण तिला वाटतंय माझं मन उडालं.

मध्ये शहाणपणा करून चार दिवस गोळी बंद केली. चक्कर, आणि डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. परत सुरू केली. तुम्ही असं करू नका.

मेडिकलवाल्याने हळूच सिल्डेनाफिलची (ताठरपणासाठीची) गोळी पुढे केली. घेतली नाही. वडील छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात, त्यांना डॉक्टरांनी बजावलंय की त्यासोबत ही गोळी घेतली तर बीपी एकदम कोसळतो. मी सॉर्बिट्रेट घेत नाही, तरी न विचारता नकोच. आणि इच्छा नाही तिथे ती काय करणार?

डॉक्टरांना सांगायचं तर केबिनमध्ये कायम दोन-तीन जण बसलेले, त्यात कंपाउंडर आमच्याच गावचा.

कोणाला डोस कमी करून किंवा बुप्रोपियॉन, मिर्टाझापिन अशा नैराश्याच्या दुसऱ्या गोळीवर बदलून फरक पडला का? किती दिवसांत? आणि भुसावळ-जळगावकडे एकट्याशी बोलणारे डॉक्टर माहीत असतील तर इनबॉक्स करा. जडीबुटीवाले कृपया लांब राहा.