कीलेस एन्ट्रीसाठी वरचं व्हेरियंट घ्यावं का? (वडिलांची गाडी, चिपळूण)

घोडबंदरवाला:
नमस्कार मंडळी. बाबांसाठी छोटी ऑटोमॅटिक घ्यायची आहे. वय ७१, चिपळूणला स्वतःचं घर, गाडी अंगणातच उभी राहणार. बाजार, दवाखाना, कधीमधी आमच्याकडे ठाण्याला, एवढाच वापर. मधल्या व्हेरियंटला साधी रिमोटची चावी आहे, वरच्याला बटण स्टार्ट आणि कीलेस. शोरूममधला पोरगा सांगतो, "सर, चावी खिशातून बाहेर काढायचीच नाही." बाबांना बोटांचा संधिवात आहे, चावी फिरवताना कळ येते, म्हणून मला ते पटतंय. पण बायको रोज नवा व्हिडिओ दाखवते: दोन चोर, एकाच्या हातात अँटेना, गाडी गायब. खरंच इतकं सोपं असतं का? वापरणाऱ्यांनी सांगा, यूट्यूबच्या लिंका नकोत.

आळशी_ड्रायव्हर:
घ्या डोळे झाकून. पाऊस धोधो कोसळतोय, एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशव्या, अशा वेळी हँडलचं बटण दाबून आत बसता येतं याची किंमत कागदावर कळत नाही. फक्त गाडी धुताना चावी खिशात ठेवू नका. टच सेन्सरचं हँडल असेल तर पाण्याची धार पडली की लॉक-अनलॉक, लॉक-अनलॉक सुरू. शेजारी समजतात गाडीला भूत लागलं.

चावीवाला_मिरज:
मिरजेत माझं चावीचं दुकान आहे. वडील कुलुपं दुरुस्त करायचे, मी लॅपटॉप लावून चावीतल्या, गाडीला ओळख पटवणाऱ्या चिपा प्रोग्राम करतो. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक अडलेलंच असतं, सुखी माणूस चावीवाल्याकडे कशाला येईल? तेवढं धरून वाचा.

आधी वहिनींच्या व्हिडिओचं. तो प्रकार खरा आहे. हँडलला हात लागला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरीवर चावीला हाक मारते. ती मुद्दाम दबक्या आवाजातली, मीटर-दीड मीटरच्या फारशी पुढं जात नाही. चावी ऐकते आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. चोर काय करतात, गाडीची हाक पकडून तुमच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. आत टीपॉयवर पडलेल्या चावीला वाटतं, मालक गाडीजवळ उभा आहे. कोडबिड काही फोडावा लागत नाही. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमधल्या संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांची दहा मॉडेलं अशी उघडून दाखवली होती.

पण आपल्याकडं टोळ्या पकडल्या की बरेचदा वेगळंच सामान निघतं. काच फोडायची, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडीचे बिघाड तपासायला जोडणी करतात ती जागा) मशीन लावायचं आणि कोरी चावी गाडीला शिकवायची. तसलंच मशीन माझ्या टेबलावर पण आहे, मी आरसी बुक आणि आधार बघितल्याशिवाय काढत नाही इतकंच. या चोरीला तुमची चावी कुठं ठेवलीय याच्याशी देणंघेणं नाही, आणि साध्या चिपवाल्या चावीच्या गाड्याही अशाच जातात. त्यामुळं चोराला भिऊन मधलं व्हेरियंट घेणार असाल तर त्यात हाशील नाही.

माझ्याकडं फोन येतात ते चोरांमुळं नाहीत. नेहमीचं उदाहरण सांगतो. साहेब महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायला आले, गाडी चालू ठेवूनच उतरले, बाईसाहेब ड्रायव्हर सीटवर सरकल्या. चावी साहेबांच्या खिशात. चालती गाडी चावी लांब गेली म्हणून बंद पडत नाही, रस्त्यात बंद पडली तर अपघात होईल म्हणून ते तसंच केलेलं असतं. नुसती पीप पीप करते आणि डिस्प्लेवर एक ओळ येते, ती स्टेशनच्या गर्दीत कोण वाचणार? बाई पेट्रोल पंपावर गाडी बंद करतात आणि मग चालू होत नाही. साहेब तोवर किर्लोस्करवाडीच्या पुढं. दुसरी चावी घरी कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्याच जुडग्यात! एवढ्यासाठी माझं मशीन काढण्यात अर्थ नाही, रिक्षा करून दुसरी चावी आणा एवढंच मी सांगू शकतो.

आता तुमच्या बाबांचं. गाडी अंगणात दिवसेंदिवस उभी राहणार म्हणजे त्यांची गाठ पडणार ती उतरलेल्या बॅटरीशी. सेंट्रल लॉक मेलं की हँडलचं बटण, रिमोट, डिकीचं बटण, सगळंच मुकं. अशा वेळी स्मार्ट चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं ते लागतं. चावीच्या कडेला बारीक खटका आहे, तो सरकवून पातं ओढायचं. मग प्रश्न येतो, घालायचं कुठं? बऱ्याच गाड्यांत भोक दिसतच नाही. ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला बॉडीच्या रंगाची टोपी असते, तिला खालून बारीक फट असते. पात्याचं टोक फटीत घालून हळू उचकटायचं, खाली कुलूप. दार उघडल्यावर बॉनेटचा खटका पायाशी असतो, तो वायरने ओढला जातो, त्याला वीज लागत नाही. मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची जम्पर केबल.

हे डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समनसमोर बाबांच्या हातून करून घ्या. सेल्समनलाच येत नसेल तर मॅनेजरला बोलवा, लाजू नका. कोकणातल्या पावसात ते न वापरलेलं कुलूप गंजतं, म्हणून वर्षातून एकदोनदा पात्यानं उघडायचं. आत खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका, धूळ धरून घट्ट बसतं. ग्राफाइट पावडर घाला.

चावीतला सेल संपला तर ते प्रकरण हलकं आहे. पात्यानं दार उघडायचं आणि चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबायचं. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये बघा. चिपला सेल लागत नाही, गाडी सुरू होते. सेल सहसा सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो.

ब्रॅम्प्टनची_वहिनी:
आम्ही कॅनडात. इथे मात्र व्हिडिओतलं सगळं घडतं, ड्राइव्हवेमधल्या एसयूव्ही रात्रीतून जातात आणि कंटेनरमध्ये भरून मॉन्ट्रियल बंदरातून देशाबाहेर. २०२४ मध्ये टोरोंटोच्या एका पोलिसाने बैठकीत सांगून टाकलं होतं की चावी दाराशीच ठेवा, म्हणजे चोर घरात तरी घुसणार नाहीत. त्यावर किती गदारोळ झाला! आमच्याकडे चावी स्टीलच्या डब्यात आणि स्टिअरिंगला जाडजूड लोखंडी लॉक. बाबांसाठी घेताना अल्ट्रा वाइडबँडवाली चावी आहे का विचारा. सिग्नलला जायला-यायला लागलेल्या वेळावरून ती अंतर मोजते, त्यामुळे लांबून फसवणं अवघड जातं. स्वस्त गाडीत मिळणार नाही बहुतेक, पण विचारायला काय जातं.

घोडबंदरवाला:
विचारलं. मॅनेजरने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विमान मागितलं.
चावीवाले दादा, उत्तम लिहिलंत. दोन शंका. बाबांची चावी पडवीतल्या खुंटीवर असते, गाडी तिथून चार पावलांवर. आणि सुट्टीत माझी साडेतीन वर्षांची मुलगी तिकडे असते, तिला बटणं दाबायचा नाद. काही करता येईल का?

चावीवाला_मिरज:
खुंटी बदला. चार पावलं म्हणजे कधी गाडी चावीला ऐकेल, कधी नाही, चोर नसला तरी वैताग. आतल्या खोलीत पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा चालतो का ते आधी बघायचं: चावी डब्यात, झाकण घट्ट, डबा घेऊन गाडीजवळ जायचं आणि हँडलचं बटण दाबायचं. उघडली तर डबा बदला. ओबीडीवाल्यांसाठी गिअर लॉक बसवा, पण वायरिंग कापून काही बसवू देऊ नका, वॉरंटी जाते.

मुलीच्या हातात चावी खेळायला अजिबात नको. पोरगं आत, चावी पोराच्या हातात, दार लावलेलं आणि त्यानं लॉकचं बटण दाबलं, हे मी पाहिलंय. रिमोटचं बटण आतूनही चालतं. तशी वेळ आली आणि दुसरी चावी हाताशी नसेल तर माझ्यासारख्याला फोन करत उन्हात उभं राहू नका. पोरापासून सगळ्यात लांबची बाजूची काच, तिच्या कोपऱ्यावर टोकदार लोखंडानं हाणा. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, ती तडकते पण चिकटून राहते.

आणि डिलिव्हरीला दोन्ही चाव्या मोजून घ्या. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही मागतात, एक नसली की क्लेमला फाटे फुटतात. त्यातली एक ठाण्याला तुमच्याकडं ठेवू नका. चिपळूणात बाबा अडकले तर ती तिथंच पाहिजे, विश्वासाच्या शेजाऱ्याकडं.

घोडबंदरवाला:
वरचं व्हेरियंट बुक केलं. टोपीखालचं कुलूप मॅनेजरलाही सापडेना, शेवटी वॉशिंगवाल्या मुलाने दाखवलं.